कुकडी: पूर गावापासून घोडनदीपर्यंत

नाणेघाटाच्या माथ्यावरचा पाऊस दोन वाटांनी जातो. कड्यावरून कोसळलेला कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. कड्याच्या अलीकडे पडलेला कुकडी नदीत येतो आणि घोड, भीमा, कृष्णा अशी मजल-दरमजल करत बंगालच्या उपसागराला लागतो.

जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्याच्या पश्चिमेला पूर गावात कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. नदीचा उगम तिथला मानतात; पाणी मात्र भोवतालच्या डोंगरांतल्या ओढ्यांचं. पुण्याच्या पश्चिमेकडे नदीच्या खोऱ्याला मावळ म्हणतात, जुन्नरकडे नेर. म्हणून हे कुकडनेर, शेजारचं मीना नदीचं मीननेर. नदी कुठवर आली हे पिकांवरूनही कळतं. वर भात आणि हिरडा, जुन्नरच्या खाली द्राक्षं, टोमॅटो, ऊस, त्यापुढे कांदा नि बाजरी.

जुन्नरच्या वर माणिकडोह धरण आहे. साठवण सुमारे १० टीएमसी (अब्ज घनफूट), पण ते दरवर्षी भरेलच असं नाही. घोड नदीवरच्या डिंभे धरणाचं पाणी बोगद्यानं इकडे आणायचा विषय सारखा निघतो तो यामुळेच. माणिकडोहच्या खालचं येडगाव धरण जेमतेम तीन टीएमसीचं, तरी धरणं-कालव्यांच्या सगळ्या कुकडी प्रकल्पाची किल्ली तिथे. पुष्पावती नदी डावीकडून तिथेच येऊन मिळते, माणिकडोहचं पाणी नदीपात्रातून येतं, डिंभ्याचं कालव्यानं. येडगावातून निघालेला डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट करमाळ्यापर्यंत जातो. म्हणजे पावसाळा सोडला तर कुकडीचं बरंचसं पाणी कुकडीत नसतंच, कालव्यात असतं. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार यावरून दरवर्षी वाद होतात ते त्यासाठी.

येडगावच्या खाली पात्र कोल्हापुरी बंधाऱ्यांवर जगतं. पाऊस ओसरला की ढापे (पाणी अडवायच्या फळ्या) बसवायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी काढायचे, एवढंच काम; पण ते वेळेत व्हावं लागतं. घाई करून बसवले आणि परतीचा पाऊस जोरात आला, तर पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठाची माती कापतं. उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही. ढाप्यांच्या फटीत माती नीट ठासली नाही, तर अडवलेलं पाणी झिरपून उन्हाळ्याआधीच तळ दिसतो.

निघोज आणि टाकळी हाजीच्या मधे पात्र अचानक आवळतं. रुंद नदी काळ्या बेसाल्टच्या अरुंद घळईत शिरते, पाण्याचा वेग वाढतो आणि भोवरे धरतात. खडकाच्या फटीत अडकलेला गोटा त्या भोवऱ्यात गरगरत राहतो, जात्यासारखा तळ नि भिंत घासतो. खळगा रुंद होतो, शेजारच्या खळग्याला भिडतो, मधली भिंत फुटते. काही खळगे ओंजळीएवढे, काहींत माणूस उभा बुडेल. सुकलेल्या खळग्यात वाकून पाहिलं तर तळाशी गुळगुळीत गोटे दिसतात. ती नदीची हत्यारं, उचलून नेऊ नयेत. ही घासणी पुरातच होते, मंद धारेत गोटा हलत नाही.

काठावरून पाहताना एक ध्यानात ठेवावं. कड ओली नसली तरी शेवाळाचा पातळ थर असतो, खळग्यांच्या भिंती उभ्या आणि गुळगुळीत, हाताला धरायला काही लागत नाही. पोहता येणाराही आतून वर येत नाही. वरून पाणी सोडलं असेल तर घळईत ते झपाट्यानं चढतं.

तिथून एका काठाला पारनेर, दुसऱ्याला शिरूर तालुका ठेवत कुकडी शिरूरच्या वरच्या अंगाला घोडला मिळते. शिरूर गावाला आजही लोक घोडनदीच म्हणतात.