ऑल-माउंटन स्की (दाबलेल्या आणि भुसभुशीत, दोन्ही बर्फावर चालणारी) घ्यायची तर कोणती?

परभणीत राहून स्कीचं काय घेऊन बसलाय असं मित्र विचारायलेत, पण गुलमर्गचं ठरलंय तर बघावं लागतंयच की.

मुख्य भानगड रुंदीची, म्हणजे बुटाखाली स्की किती मिलिमीटर आहे ती. ८० च्या आसपासची स्की पिस्टवर, म्हणजे मशीन फिरवून दाबलेल्या उतारावर, एका काठावरून दुसऱ्या काठावर पटकन येते, ११० ची भुसभुशीत बर्फात मस्त तरंगते पण कडक पिस्टवर लई आळशी. दोन्ही करायचंय तर ९० ते १०० मधली बघा, मी तर ९५ च म्हणेन, कारण गुलमर्गचा गोंडोला (रोपवे) वर अफरवटला ३९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो आणि तिथून खाली बहुतेक सगळा मोकळा, न दाबलेलाच डोंगर. फक्त औलीच्या दाबलेल्या उतारांवर जाणार असाल तर ८५ पण बास.

टोकाला रॉकर (वर वळलेला बाक), पायाखाली कॅम्बर (मधे उचललेली कमान) असलेली घ्या, ताज्या बर्फात टोक रुतत नाही आणि पिस्टवर पकडही राहते. लांबी हनुवटी ते कपाळ यामधे कुठेतरी, शिकाऊ असाल तर आखूडच बरी. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवतं ते) मात्र दुकानातूनच वजन आणि बुटाप्रमाणे सेट करून घ्या, घरी पेचकस घेऊन बसू नका (आपल्याकडं ती खोड लई!). आणि ऑफ-पिस्ट, म्हणजे दाबलेल्या उताराबाहेर, जायचं तर हिमस्खलनासाठी ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं, सोबत गाईड, याचा खर्च आधी धरा, स्कीचा नंतर.