तुम्ही विचारलंत म्हणून: जवानांची एकजूट मोजायची कशाला?

‘फौजेत एकजूट असतेच, ती काय मोजायची?’ नातेवाईक विचारतात, विद्यार्थी विचारतात, निवृत्त अधिकारी तर जरा दुखावूनच विचारतात. एकदा नीट सांगते.

‘असतेच’ म्हणून पुढे गेलं की फसायला होतं. 1948 मध्ये शिल्स आणि जॅनोविट्झ या समाजशास्त्रज्ञांनी मांडलं, की दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिक तग धरून राहिला तो नाझी विचारांपेक्षा तुकडीतल्या सोबत्यांमुळे. आधार होता मुख्यतः पश्चिम आघाडीवर पकडलेल्या युद्धकैद्यांच्या जबान्यांचा. पुढे इतिहासकार ओमेर बार्टोव्ह यांनी पूर्व आघाडीवरच्या डिव्हिजनांचे कागद तपासले. तिथे माणसं इतक्या झपाट्याने मरत होती, की जुने सोबती उरतच नव्हते, तरी सैन्य लढत होतं. पुरावा कुठून घेतला यावर उत्तर इतकं बदलतं.

सेक्शन म्हणजे फौजेतली दहाएक जणांची छोटी तुकडी. ‘माझा माझ्या सेक्शनवर विश्वास आहे’ असं विचारलं की जवान ‘पूर्ण सहमत’वर खूण करून मोकळा होतो. आपल्या माणसांविरुद्ध कागदावर कोण लिहील? म्हणून मी मोरेनो यांची समाजमिती, म्हणजे गटात कोण कोणाला निवडतं हे मोजायची पद्धत, वापरते. प्रत्येकाने तीन-तीन नावं लिहायची: गस्तीला कोणाबरोबर जाल? सुट्टीत कोणाच्या घरी जाल? कामातला भरवसा आणि जिव्हाळा त्यातून वेगवेगळे दिसतात.

सातारा जिल्ह्यात एका सेक्शनचे माजी जवान जमले होते, तिथे हे केलं. चहाच्या वेळी एक निवृत्त नाईक जवळ आले. त्यांनी दोन्ही याद्या सुवाच्य अक्षरात, हुद्द्यांसकट भरल्या होत्या. हळूच म्हणाले, ‘मॅडम, माझं नाव कुणी घातलंय का?’

कुणीच घातलं नव्हतं. दोन्ही याद्यांत नाही.

‘ते कुणालाच सांगता येत नाही, नियम आहे,’ मी म्हटलं. नियम खराच आहे आणि त्यांच्यासारख्यांना जपण्यासाठीच आहे.

‘एक जरी असतं, तरी तुमच्या तोंडावर दिसलं असतं,’ ते म्हणाले. मग त्याच लोकांत जाऊन पोह्यांच्या बशा गोळा करू लागले. कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली, तसे खळखळून हसले.

माझ्या तक्त्यात प्रत्येक माणूस एक ठिपका आणि प्रत्येक निवड एक बाण; त्यात ते एकटा ठिपका आहेत, त्यांच्याकडे एकही बाण येत नाही. ओसरीवर ते एकटे नव्हते. हे शिकत होते तेव्हाची मी ठामपणे म्हणाले असते, की पाठीवरची थाप हा शिष्टाचार, खरं ते यादीत. आज तिच्याशी भांडते. मी तीनच नावं मागितली होती. ते सगळ्यांच्या मनात चौथे असतील तर? पण मर्यादा काढली की जो तो सगळ्या सेक्शनची नावं लिहितो, आणि हाती काहीच लागत नाही. तेव्हा ती म्हणते तेही खोटं नाही.

पुढच्या गटालाही मी तीनच नावं विचारणार आहे. त्या नाईकांना काय सांगायला हवं होतं, ते मात्र अजून ठरत नाही.