मोदकाचं पीठ इथे चालत नाही

चिनी नववर्षाच्या पंधराव्या दिवशी कंदिलांचा सण असतो. आपल्या पंचांगात ती बहुधा माघी पौर्णिमा. २०२६ मध्ये मात्र ३ मार्च, म्हणजे ऐन शिगम्यातली फाल्गुनी पौर्णिमा. कंदिलांना कोड्यांच्या चिठ्ठ्या लावतात. घरोघरी खातात ते थांगयुआन, गरम पाण्यात तरंगणारे तांदळाचे गोळे. नावाचा उच्चार 'घरची सगळी एकत्र येणं' या अर्थाच्या शब्दाशी जुळतो, म्हणून हे एकट्याने खायचं पक्वान्न नव्हे. उत्तर चीनमध्ये सारणाच्या वड्या ओल्या करून कोरड्या पिठात घोळवत मोठ्या करतात. दक्षिणेत आपल्यासारखी पारी करून सारण भरतात. गोव्याच्या घरात दक्षिणेची रीतच सोपी.

मोदक वळणाऱ्या हाताला हे वळायला वेळ लागत नाही. फसतं ते पिठात. थांगयुआनला चिकट तांदळाचं पीठ लागतं. साध्या तांदळात अमायलोज हा पिष्टाचा एक प्रकार असतो, चिकट तांदळात तो जवळजवळ नसतोच, म्हणून त्याची पारी रबरासारखी ताणते. साध्या पिठाचा गोळा उकळत्या पाण्यात फुटतो. मोदक टिकतो, कारण तो वाफेवर शिजतो, पाण्यात गटांगळ्या खात नाही. चिकट तांदूळ ओळखणं सोपं आहे. साधा दाणा काचेसारखा अर्धपारदर्शक दिसतो, हा खडूसारखा पांढरा. तयार पिठाची शंका आली तर चमचाभर पीठ पाण्यात कालवून शिजवा; लांब तार सुटली पाहिजे.

सारण निंगबो शहराच्या पद्धतीचं, काळ्या तिळाचं. १०० ग्रॅम तीळ मंद भाजून, गार करून कुटा. गरम असताना मिक्सरला लावले तर तेल सुटून गोळा होतो. त्यात ७० ग्रॅम पिठीसाखर आणि ६० ग्रॅम लोणी. (तिथे डुकराची चरबी घालतात. ज्यांना चालते त्यांनी तीच घालावी, चव तिचीच.) खोबरेल इथल्या उकाड्यात गोठत नाही, ते नको. ८-८ ग्रॅमच्या गोळ्या करून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. काळ्या तिळावरून घरातल्या थोरांना श्राद्ध आठवत असेल तर पांढरे घ्या, भांडण कशाला! नारळ-गुळाचं चूनही चालेल, पण अगदी कोरडं आटवलेलं. ओलसर राहिलं तर शिवण उघडते.

२०० ग्रॅम पिठाला साधारण १६५ मिली पाणी लागतं. नुसत्या थंड पाण्यात मळलं तर पारीला चिरा पडतात, सगळंच उकळत्या पाण्यात भिजवलं तर पीठ हाताला चिकटून बसतं. मधला मार्ग असा की मळलेल्या पिठातला लिंबाएवढा तुकडा चपटा करून उकळत्या पाण्यात टाकायचा, वर आला की काढून उरलेल्या पिठात मळून घ्यायचा. उकडीचंच काम हा छोटा तुकडा करतो. १४ ग्रॅमचे गोळे करून सारण भरा. साधारण २५ होतात. उरलेलं पीठ ओल्या फडक्याखाली ठेवा.

पाण्याला उकळी आली की गोळे अलगद सोडा आणि डावाच्या पाठीने तळातून एकदा फिरवा, नाहीतर बुडाला चिकटतात. तरंगू लागले की आच कमी करून अर्धा कप थंड पाणी घाला. पुन्हा तरंगले की आणखी एकदा तसंच. खळखळ उकळू दिलं की बाहेरची पारी फाटते आणि आत कच्चं राहतं. तिसऱ्यांदा वर आल्यावर मिनिटभर थांबून काढा.

सारण भरलेले गोळे फ्रीझरमध्ये साठवले असतील तर ते शिजवण्याआधी बाहेर काढून ठेवू नका. इथल्या दमट हवेत त्यांना लगेच पाणी सुटतं आणि ते एकमेकांना चिकटतात. थेट उकळत्या पाण्यात टाका, दोन-तीन मिनिटं जास्त द्या. वाढताना वाटीत शिजवलेलंच पाणी, हवं तर आलं-गूळ उकळून. पहिला घास छोटा घ्या, आतलं सारण जीभ भाजतं.