तूप बंद करू का?

कागदावर एवढंच होतं: मुलगी, वय 6, प्लीहा (पाणथरी) वाढून बेंबीच्या खाली, प्लेटलेट 48 हजार, ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आहे का? गावाकडे दोनदा मलेरियाच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या.

बोनमॅरोच्या स्लाइडवर मी ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी, शोधत होते. ते नव्हतेच. कडेला मात्र मोठाल्या पेशी दिसल्या, केंद्रक एका बाजूला सरकलेलं आणि आतला भाग चुरगळलेल्या पातळ कागदासारखा. गोशे! पेशींत चरबी साचण्याचा आजार. 1882 मध्ये विद्यार्थीदशेत फिलिप गोशेने त्या पाहिल्या, तेव्हा त्याला प्लीहेचा कॅन्सर वाटला होता. अशा पेशी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियातही दिसतात, म्हणून मी एन्झाइमची तपासणी सुचवली. ही चरबी तोडणारं एन्झाइम, ग्लुकोसेरेब्रोसिडेज, जवळजवळ नव्हतंच.

मी पॅथॉलॉजिस्ट, एरवी पेशंटला भेटत नाही. त्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी मला मुद्दाम बोलावलं.

"म्याडम, चरबीचा आजार म्हणता, मग तूप बंद करू का?" आई म्हणाली. "सासूबाई म्हणतात, माझ्याच दुधात खोट होती."

"ताई, ही चरबी ताटातली नाही." पेशींच्या आवरणातच स्फिंगोलिपिड नावाच्या चरबी असतात. म्हाताऱ्या झालेल्या रक्तपेशी प्लीहेतल्या मॅक्रोफेज, म्हणजे साफसफाई करणाऱ्या पेशी, गिळतात, आणि त्यातली साखर जोडलेली चरबी हे एन्झाइम तोडतं. ते नसलं की ती साचत जाते. शिवाय हे पदार्थ नुसतं बांधकामाचं सामान नव्हेत. त्यातलं सेरामाइड पेशीला मरायचा निरोप देतं, त्यापासूनच बनणारं स्फिंगोसिन-1-फॉस्फेट जगायचा. तुंबलेल्या मॅक्रोफेज तर दाहाचे निरोप धाडतच राहतात. याच आजारामुळे लेक रात्री पाय दुखतात म्हणून रडायची. तिला हट्टी म्हणत होते सगळे, याचं मला फार वाईट वाटलं.

नवराबायको आते-मामे भावंडं. सदोष जनुकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून आलेली. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता, पण गर्भातच तपासणी होते. हे मी वडिलांकडे बघून सांगितलं, दोघांचा वाटा सारखा म्हणून. ते काही बोलले नाहीत, पण खुर्ची ओढून बायकोशेजारी बसले.

एन्झाइम 1991 पासून औषध म्हणून मिळतं. दर पंधरवड्याला शिरेतून द्यायचं, खर्च आवाक्याबाहेरचा. 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात 50 लाखांपर्यंत मदत आहे, मुंबईच्या केईएम रुग्णालयासारख्या केंद्रांतून. बालरोगतज्ज्ञांनी तिथेच अर्ज भरायला घेतला.

निघताना आई दारात थांबली. "म्हणजे आज शिरा केला तर चालेल?"

"करा," मी म्हटलं. "साजूक तुपातला करा."