दोरी असू दे

पलंगावर माझ्या दोन साड्यांच्या मधोमध निळी नायलॉनची दोरी पडली होती. कोरी करकरीत, वेटोळं घातलेली, दुकानातला कागद अजून तसाच चिकटलेला.

"ही कशाला?"

"असू दे."

"अहो, आपण केरळात आलेप्पीला चाललोय. हाउसबोटीवर. तिथं दोरीचं काय काम?"

ह्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. "बोटीवर दोरीचं काय काम म्हणून विचारतीस? बोटीवरच तर काम असतंय की दोरीचं."

यावर काय बोलणार. मी साड्या उचलून खुर्चीवर ठेवल्या आणि दोरीला पलंग मोकळा करून दिला.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आम्ही जोतिबा, सौंदत्ती, पंढरपूर, गोकर्ण एवढं फिरलो, म्हणजे जिथं देव आहे तिथंच. यंदा मुलीनं पुण्यातनं परस्पर हाउसबोट ठरवली आणि फोनवर सांगितलं, "आई, दसऱ्याच्या सुट्टीत जायचं. पैसे भरलेत." दुपारी बारा वाजता बोटीवर चढायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उतरायचं. एकवीस तास. त्या एकवीस तासांसाठी आमच्या घरात आठ दिवस तयारी चालली होती. 'आमच्या घरात' म्हणजे ह्यांची.

हे पतसंस्थेत कॅशियर. घरातसुद्धा यादी केल्याशिवाय हात हलत नाही. कालनिर्णयाचं मागच्या महिन्याचं पान फाडून पाठकोऱ्या बाजूला सगळं लिहिलेलं असतं आणि वस्तू पेटीत गेली की पुढं टिक. पेटी म्हणजे आमच्या लग्नात माझ्या मामांनी दिलेली टणक सुटकेस. एक चाक मोडकं, पण कुलूप अजून ठणठणीत. तीत काय काय गेलं ते सांगते. एक सेलची टॉर्च, एक चार्जिंगची टॉर्च, मेणबत्त्या, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी, डासांची कॉइल, चार पंचे, सुई-दोरा, कुलूप आणि साखळी, ओआरएसच्या पुड्या, गुडघ्याचं तेल. खायला कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चिरमुरे आणि "तिकडच्या लोकांना द्यायला" म्हणून अर्धा किलो कुंदा, आमच्या बेळगावची मिठाई. तिकडचे लोक म्हणजे कोण, हे ह्यांनाही माहीत नव्हतं.

माझी बॅग निघायच्या आदल्या संध्याकाळी, पंधरा मिनिटांत. दोन ड्रेस, फोटोसाठी एक साडी, दोन्हीवर चालतील अशा चपलांचे दोन जोड, एक पुस्तक. चेन लावली, संपलं. शाळेतल्या बायकांना मी हे मोठ्या तोऱ्यात सांगते, की मला नाही बाई सामानाचा सोस. पण खरं सांगायचं तर माझ्या बॅगेत साबण नसतो, कंगवा नसतो, टॉवेल नसतो, बीपीची गोळीसुद्धा नसते. "साबण घेतलीस काय?" असं हे विचारतात आणि मी म्हणते, "तुमच्याकडं असेल की." असतोच. माझी बॅग हलकी राहते ती ह्यांच्या पेटीच्या जिवावर. हे मी शाळेत सांगत नाही.

भांडण झालं ते फाइलीवरनं. निघायच्या दिवशी सकाळी हे युरियाच्या पोत्यातलं आतलं प्लॅस्टिक कात्रीनं बेतून कापत बसले होते. त्यात फाइल गेली, वर सुतळी. मी सोडून बघितलं. आधार कार्डं ठीक आहेत. पासबुकाची झेरॉक्सही एक वेळ समजू शकते. पण खाली शेताचा उतारा.

"शेताचा उतारा आलेप्पीला?"

"घरात कोण नाही पाच दिवस."

"म्हणून उतारा फिरायला न्यायचा?"

हे काही बोलले नाहीत. परत सुतळी बांधली. तीन गाठी.

मी शहापूरची, हाडाची बेळगावची. माझ्या लहानपणी पाणी म्हणजे राकसकोप धरणाचं, आणि त्याबद्दल प्रश्न एकच, नळाला कधी येणार. पाणी आपणहून घरात येऊ शकतं हे मला लग्नानंतर कळलं. ह्यांचं गाव दूधगंगेच्या काठी, सदलग्याच्या बाजूला. नोकरीनं आम्ही अडीच हजार फूट उंचीवरच्या बेळगावात राहतो, इथं घरात पूर यायचा तर आधी सगळं जग बुडावं लागेल. तरी जुलै लागला की ह्यांचा सकाळचा जप सुरू होतो. राजापूर बंधाऱ्यातून किती क्युसेक, दूधगंगेतून किती, कोयनेतून सोडलं का. मग पाण्याखाली गेलेल्या पुलांची नावं: कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, सदलगा-बोरगाव. मी पोळ्या लाटता लाटता ऐकते. आता मलाही पाठ झालीत.

2019 च्या ऑगस्टमध्ये सासू-सासरे गावात होते. यमगर्णीजवळ हायवेवरच पाणी आलं, निपाणीच्या पुढं वाट बंद. हे मोटरसायकल घेऊन तीन दिवस इकडून तिकडून प्रयत्न करत राहिले. सासू-सासऱ्यांना शेवटी बोटीनं काढलं. बोटीवाल्यांनी सांगितलेलं, एक-एक पिशवी घ्या. सासूबाईंनी घेतलं काय, तर देवातला बाळकृष्ण, दोन लुगडी आणि मिसरीची डबी. मामंजींनी म्हशी सोडल्या होत्या, त्यांची दावी खांद्यावर टाकून ते बोटीत बसले. कागदपत्रं माळ्यावरच्या ट्रंकेत राहिली, कारण माळ्यापर्यंत पाणी येईल असं त्या घरात कुणालाच वाटलं नव्हतं. पंधरवड्यानं ट्रंक उघडली तेव्हा आत राडा होता, रेशनकार्ड कुठलं आणि उतारा कुठला कळत नव्हतं. भरपाईसाठी कचेरीत गेलं की पहिला प्रश्न, घर तुमचंच कशावरून? समोर भिंत पडलेली दिसते आहे, तिच्याशेजारी माणूस उभा आहे, आणि कागद मागतात. त्या हेलपाट्यांत हे पार वाळून गेले.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी उताऱ्यावरनं हसले, आणि सहलीला जाताना कुणी बोटीकडं असं बघतं का, असंही म्हणाले.

बेळगावहून आठवड्यातनं एकदा जाणारी पूर्णा एक्सप्रेस धरली. लोंढा सुटलं, कॅसलरॉकचा घाट लागला, दूधसागरला सगळा डबा खिडकीशी आला. आमचे हे तेवढ्यात पेटी बाकाच्या पायाला साखळीनं बांधत होते. पांढरं पाणी आलं तसं गेलं. "बघितलास?" म्हणून मला विचारलं. 

आलेप्पीला धक्क्यावरून बोटीवर जायला एक फळी टाकलेली होती. बोटीवर तिघं: एक चालवणारा, एक स्वयंपाकी, एक पोरगा. पोरग्यानं पेटी उचलायला हात घातला आणि परत खाली ठेवून आमच्याकडं बघितलं. माझी बॅग त्यानं दोन बोटांत नेली. मला भारी वाटलं. पण ते एवढ्यापुरतंच, कारण बोटीवर चढताच चपला दारात काढायच्या असतात. एकवीस तास अनवाणी. माझे दोन्ही जोड दाराशी शेजारी शेजारी बसून राहिले.

हे मात्र बोटीवर पाय ठेवला तसे बदलले. हाउसबोटीला तिकडं केट्टुवळ्ळम म्हणतात. वळ्ळम म्हणजे नाव. "आणि केट्टु?" ह्यांनी विचारलं. चालवणाऱ्यानं दोन्ही हातांनी गाठ मारल्यासारखं केलं. हे एकदम खूश. "कट्टु! कन्नडात कट्टु म्हणजे बांध. बांधलेली नाव!" आम्ही सीमेवरची माणसं. घरात मराठी, कचेरीत कन्नड, आणि कन्नड एकदा आलं की कन्याकुमारीपर्यंत चालतं असा एक भाबडा समज. पण या वेळी ते चाललं. जुन्या पद्धतीच्या या नावा खिळा न मारता काथ्याच्या दोरीनं फळ्या एकमेकींना शिवून करायच्या, लाकूड अंजिलीचं, वरनं काजूच्या टरफलाचं काळं तेल. पूर्वी यांतनं कुट्टनाडचा भात वाहून न्यायचे. ह्यांनी वाकून त्या शिवणीवरनं बोट फिरवलं, दाबून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तोंडानं 'दोरी' म्हणाले नाहीत, एवढी मेहेरबानी.

जेवायला जाडा लाल भात आणि करीमीन मासा केळीच्या पानात भाजलेला. मी बोटं चाटली. ह्यांनी कडक भाकरी काढली. अर्ध्या तासानं बघते तर स्वयंपाकी भाकरी मोडून आमच्या चटणीत बुडवतोय आणि हे त्याला भात वाढताहेत. कुंद्याचा प्रश्नही तिथंच सुटला.

दुपारी मी पुस्तक उघडून बसले, वाचलं एक पान. हे पुढं चालवणाऱ्याजवळ. कुट्टनाडात शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत. म्हणजे आपण बोटीत बसून जातो ते पाणी वर, मधे बांध, आणि बांधापलीकडं खाली भातखाचरं. पंप लावून पाणी बाहेर काढतात तेव्हा शेती होते. बांधाच्या अरुंद पट्टीवर घरं, दारात तुळस नव्हे तर नाव. ह्यांचा विश्वासच बसेना. "पाणी वर नि शेत खाली!" हे वाक्य मी त्या दिवशी सात-आठ वेळा ऐकलं.

मग पुराचं निघालं. तिथं 2018 च्या ऑगस्टमध्ये, आपल्याकडं पुढच्याच वर्षी. चालवणाऱ्यानं आपल्या छातीवर आडवा हात ठेवला, इथपर्यंत. ह्यांनी डोक्याच्या वर हात नेला, माळ्यापर्यंत. मोडकं हिंदी, थोडं कन्नड, बाकी हात. दोन मोठी माणसं आपापल्या अंगावर पाणी मोजत बसली होती.

"घरसे क्या लिया?" ह्यांनी विचारलं.

तो हसला. "टीव्ही."

"चालू है?"

"नहीं."

साडेपाचला बोट काठाला एका माडाला बांधली. संध्याकाळनंतर मासेमार जाळी टाकतात, त्यामुळं मोठ्या बोटी थांबतात. दिवे लागले आणि पाऊस आला. ऑक्टोबरमधला तिकडचा परतीचा पाऊस म्हणजे आधी गडगडाट आणि मग बादलीनं ओतल्यासारखं. खोलीची खिडकी मीच उघडी ठेवली होती, पाणी बघायला. खिडकीखाली माझी बॅग. दोन ड्रेस, साडी, पुस्तक, सगळं चिंब. अंगावरचंही, कारण मी फोटो काढायला बाहेर पळाले होते.

मी पंचा गुंडाळून पलंगावर बसले. हे काही बोलले नाहीत. पेटी उघडली, तळातनं युरियाचं प्लॅस्टिक काढलं, तीन गाठी सोडल्या. आधार, पासबुक, उतारा बाजूला ठेवला आणि खालनं माझा गाऊन काढला. जुना फुलाफुलांचा, कोपराला विरलेला. मी तो घ्यायचा नाही म्हणूनच घरी ठेवला होता.

"हा कधी घातलात?"

"तू देवाला दिवा लावत होतीस तेव्हा."

गाऊन कोरडा होता, जरासा युरियाचा वास येत होता. रात्री जाग आली तेव्हा हे पलंगावर नव्हते. बाहेर टॉर्चचा उजेड. काठाच्या दगडावर पाणी कुठवर आहे ते बघत होते. मी हाक मारली नाही. थोड्या वेळानं आत आले, म्हणाले, "वाढलं नाही," आणि झोपले.

सकाळी ऊन पडलं. बोटीच्या पुढच्या दोन खांबांना निळी दोरी बांधलेली, तिच्यावर माझी साडी, दोन्ही ड्रेस, आणि पुस्तक मधोमध उघडून टांगलेलं. मुलीला पाठवलेल्या सगळ्या फोटोंत मी फुलाफुलांच्या गाऊनमध्ये, मागं माझंच वाळवण. तिनं उलट विचारलं, "आई, तुम्ही तिथं राहायला गेलाय काय?"

नऊला उतरलो. पोरगा पेटी डोक्यावर घेऊन फळीवर डुलत होता. अर्ध्या वाटेत थांबून त्यानं विचारलं, आत आहे तरी काय?

"एन इल्ल," हे म्हणाले. काही नाही.

दोरी अजून ओली होती, म्हणून पेटीत घातली नाही. आमच्याकडं म्हैस विकली तरी दावं देत नाहीत, मालक ते खांद्यावर टाकून बाजारातनं घरी येतो. हे तसे स्टेशनपर्यंत चालत आले, दोरी खांद्यावर, आणि मी मागनं दोन चपलांचे जोड हातात धरून, कारण तेही वाळायचे होते.