उठली की चिडते

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा होऊन गेलेत

संध्याकाळपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. धाकटी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "आत्ता नको येऊस गं, आई ध्यानाला बसलीये, उठली की चिडते."

बास, एवढंच. टोमणा नव्हता त्यात, कुरकुर पण नव्हती. आपल्याकडे पाणी साडेसातला जातं हे सांगावं तितक्या साधेपणाने सांगून ती पुढे कुठल्या तरी प्रोजेक्टबद्दल बोलायला लागली. तेच लागलं मला. फणकाऱ्याने म्हणाली असती तर मी दोन शब्द ऐकवले असते आणि विषय तिथेच संपला असता. पण तिच्या दृष्टीने ही नुसती माहिती आहे, आई सात ते आठ बसते आणि आठनंतर जरा सांभाळून राहायचं.

मी दाराच्या अलीकडेच होते, डोळे मिटून, मांडी घालून, तासातली 20 मिनिटं अजून शिल्लक. आणि त्या 20 मिनिटांत मी काय केलं? उत्तर तयार केलं. म्हणजे चांगलं मुद्देसूद, घोटून घोटून. सगळ्यांचे डबे कोण करतं इथून सुरू झालं ते, मग पाचला कोण उठतं, मग दिवसातले दोन तासच फक्त माझे आहेत आणि त्यातही कुकर, डिलिव्हरीवाला, टीव्ही, मग गेल्या वर्षी मी आजारी असताना कोणी काय केलं, तिथून वन्सं, तिथून तो फ्लॅट... फ्लॅटपर्यंत पोचले तेव्हा लक्षात आलं की धाकटी जन्मायच्या आधीची गोष्ट आहे ही, तिचा काय संबंध. तोवर अलार्म वाजला.

उठले. आणि चिडायचं नाहीच असं ठरवून इतकी गोड झाले की काय सांगू, "काय गं बाळा, झाला का अभ्यास?" वगैरे. ती बघतच राहिली. हे पेपर खाली करून म्हणाले, बरं वाटतंय ना तुला?

त्यावर चिडले.

मला वाईट कशाचं वाटतंय तेच नीट कळत नाहीये. चिडते म्हणाली याचं, की उठली की म्हणाली याचं? चिडते हे तर मलाही माहितीये. मुळात त्यासाठीच तर इगतपुरीला, धम्मगिरी केंद्रात विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेले होते मी 2018 साली. सगळ्यांना सांगितलं होतं पाठीसाठी चाललेय म्हणून, पण खरं कारण राग होतं, आणि त्या वर्षीचं बाकीचं. ते इथे नको. ही विपश्यना इकडे शिकवणारे गोएंकाजी स्वतः पण डोकेदुखीसाठीच गेले होते ना, 1955 साली, तिकडे ब्रह्मदेशात त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे, मायग्रेनने बेजार होऊन, आणि त्यांनी आधी घ्यायलाच नकार दिला होता की डोकं दुखतंय म्हणून येणार असाल तर नको, मन स्वच्छ करायला येणार असाल तर या. मला धम्मगिरीत कोणी तसं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? बहुतेक पाठच सांगितली असती.

पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास. नाकाखाली, वरच्या ओठाच्या वरच्या एवढ्याशा जागेवर लक्ष. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, दिवसाचे मिळून दहा तास, फोन जमा, वही-पेन जमा, बोलणं बंद, खाणाखुणा पण बंद. लोकांना वाटतं न बोलणं कठीण असेल. अजिबात नाही. घरातल्या बाईला नऊ दिवस कोणी काही विचारत नाही म्हणजे स्वर्ग आहे तो. कठीण होती ती माझ्या डावीकडची बाई.

तिचं जर्किन. बाहेर पाऊस, गारठा, आणि ती विंडचीटर घालून हॉलमध्ये यायची आणि हलली की चर्र चर्र. चौथ्या दिवसापासून खरी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघत राहणं, सुरू होते आणि तो एक तास हलायचं नाही, हात-पाय-डोळे काही उघडायचं नाही, अधिष्ठान म्हणतात त्याला, आणि बरोबर त्याच तासाला ही चर्र. पाचव्या दिवशी मी ठरवून टाकलं की ही बाई श्रीमंत आहे, लाडावलेली आहे, घरी सुनेला छळते. सहाव्या दिवशी तिची सूनही मला दिसायला लागली होती. रडवेली, गोरीशी. एक शब्द बोलणं नाही आमचं, आणि मी तिचं अख्खं खानदान उभं केलेलं.

दहाव्या दिवशी मंगलमैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं ध्यान झालं, मौन सुटलं. बाहेर आल्या आल्या तीच माझ्याकडे आली आणि हसून म्हणाली, अहो तुमच्या नाकाने मला सहाव्या दिवशी रडवलं हो. मला सर्दी होती ना, सुर्र सुर्र चाललेलं, मला पत्ताच नाही. तिने पण माझ्याबद्दल काहीतरी रचलंच असणार. विचारायचं राहून गेलं. (सून नव्हती तिला. मुलगी होती एक, लग्नाला आलेली.)

ही गोष्ट मी इतक्या जणांना सांगितलीये आणि दर वेळी सगळे हसतात, मी पण हसते. आज पहिल्यांदा हसू येत नाहीये. कारण आज काय वेगळं केलं मी? तिथे जर्किन होतं, इथे कुकरची शिट्टी. शिट्टी वाजते किती वेळ, पाच-सात सेकंद. पुढची 40 मिनिटं मी वाजवते.

संध्याकाळच्या प्रवचनात हे इतकं सोपं करून सांगतात. मनाचे चार भाग, विज्ञान, संज्ञा, वेदना, संस्कार. कानावर आवाज पडला, हे विज्ञान. हे चांगलं की वाईट ते ठरवलं, संज्ञा. की लगेच अंगात काहीतरी उठतं, गरम, घट्ट, घशाशी, ती वेदना, आणि त्याला आपण नको नको किंवा अजून अजून म्हणून जे धावतो तो संस्कार. तेवढी एक फट आहे म्हणे, वेदना आणि संस्काराच्या मधे, तिथे फक्त बघायचं. मराठीत या शब्दांची मजाच आहे. वेदना म्हणजे आपल्याला दुखणंच वाटतं, तिथे सुख वाटलं तरी वेदनाच. आणि संस्कार! सासूबाई आयुष्यभर मला संस्कार संस्कार म्हणून ऐकवत आल्या, आणि मी दहा दिवस बसून शिकून आले की संस्कार घालवायचे असतात. घरी येऊन हे बोलले असते तर काय झालं असतं.

पण फट कुठे सापडते. मला नेहमी पलीकडे गेल्यावरच कळतं, फ्लॅटपर्यंत पोचल्यावर.

आणि एक नवीन शंका आली मघाशी भांडी लावताना, ती जास्त छळतेय. मी बसत नसते तर कमी चिडले असते का? म्हणजे ऑफिसमध्ये कोणी काही बोललं तर फोन वाजतो, मेल येते, राग पातळ होऊन जातो. इथे मी त्याला आसन देते, दार लावून घेते, लाइट मंद करते, आणि तासभर एकटीच त्याच्यासमोर बसते, पाहुण्यासारखी सरबराई. बघायचं म्हणून बसते आणि भरवून उठते. मग बाहेर जो पहिला दिसेल त्याला मिळतं. धाकटीचं निरीक्षण बरोबरच आहे की. निरीक्षण तिनेच केलं, खरं तर. तटस्थपणे.

आमची आजी आठवली. संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ म्हणायची, 27 च्या 27 अभंग पाठ, आणि दोन चरणांच्या मधे, सूर न सोडता, "मांजर बघ गं, दुधाला लागेल", "कोण मेला चप्पल घालून आत आला", आणि परत पुढचा चरण, जिथे सोडला तिथूनच. आम्ही चुलत-मावस सगळे तोंड दाबून हसायचो. मला तर वाटायचं ही कसली भक्ती, सगळं लक्ष मांजराकडे. पण हरिपाठ झाल्यावर आजी चिडलेली मला एकदाही आठवत नाही. सगळ्यांच्या हातावर साखर ठेवायची. तिचं जे काय असायचं ते मधल्यामधे निघून जायचं, मांजरावर, चपलेवर. मी मात्र तासभर तोंड शिवून साठवते आणि व्याजासकट परत करते.

आता उद्यापासून आनापान, ते श्वासाकडे बघणं, करता करता ओरडू का, "कुकर बंद करा" म्हणून? हसू आलं लिहिताना. हे तर आनंदाने बंद करतील, त्यांना कधी कोणी सांगितलंच नाहीये की सात ते आठ कुकर नको. मी सांगितलं नाहीये. मला वाटत होतं त्यांना आपोआप कळावं. सहा वर्षं वाट बघतेय मी कळायची, रोज एक तास.

एकदा गोराईला एक दिवसाच्या शिबिराला गेले होते, विपश्यनेच्या पॅगोडात. एवढा प्रचंड घुमट, खाली एकही खांब नाही, हजारो माणसं एका वेळी बसू शकतात आणि टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. कुकर नाही, कोणी नाही. मी पूर्ण वेळ विचार केला परतीच्या बोटीचा. गर्दी असेल का, जेट्टीवरून रिक्षा मिळेल का, सुटे आहेत का. त्यामुळे कुकरला तरी किती दोष द्यायचा.

तशी एखादी बैठक जमते पण. गेल्या महिन्यात बाबांचे रिपोर्ट यायचे होते तेव्हा छातीत जे काय होत होतं ते मी खरंच बघितलं, पाच मिनिटं असेल, ते हळूहळू खाली सरकलं आणि पोटात जाऊन विरलं. रिपोर्ट काही बदलला नाही. मी दवाखान्यात रडले नाही एवढंच, फॉर्म भरले नीट. ती पाच मिनिटं आहेत म्हणून बसते बहुतेक. बाकीचं सगळं भाडं आहे त्याचं.

जाऊदे. पाठ दुखतेय (खरंच). पाचचा अलार्म लावलाय.

आत्ताच धाकटी पाणी प्यायला उठली. काय लिहितेयस म्हणाली. काही नाही, किराणा लिहितेय म्हटलं. म्हणजे पंचशीलातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, ते पण गेलं आजच्या दिवसापुरतं. ती दारात थांबली जरा, माझ्या तोंडाकडे बघितलं, अंदाज घेतल्यासारखं, आणि म्हणाली, मग मोहरी लिही, संपलीये.

मोहरी अर्धा पाव.