चारीतलं गवत काढू नका राव

मी अमळनेर तालुक्यात एका रस्ते ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. मे महिन्यात आमच्याकडे साईड गटारं साफ करायचं काम निघतं, गाळ काढा, मोऱ्या मोकळ्या करा. बहुतेक जण जेसीबी लावून तळापासून काठापर्यंत सगळं खरवडून काढतात आणि मला ते अजिबात पटत नाही.

यंदा एका मोरीवर दोन्ही बाजूंनी उतार होता, एक बाजू आमच्याकडे आणि एक दुसऱ्या ठेकेदाराकडे. त्यांनी नेहमीसारखी पूर्ण खरवडली. मी ऑपरेटरला सांगितलं फक्त तळातला गाळ उचल, खोलीचा खालचा तिसरा हिस्सा बस, काठाच्या हरळीला बकेट लागू द्यायची नाही. तो म्हणे साहेब काम अर्धवट दिसेल. बाजूच्या वावरातले आबा ऐकत उभे होते, तेच बोलले, "गवत काढशी तं माती कोन धरी?" कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात रस्ते खातं हेच करतं, आबांना ते न वाचता माहिती.

मग मृगाचा पहिला दणका पाऊस झाला रात्री आणि सकाळी मी मोरीवर गेलो. खरवडलेल्या बाजूला काळ्या मातीच्या भेगांत पाणी शिरून काठ ढेकळासकट खाली बसलेले, साईडपट्टी तुटलेली, डांबराच्या कडेखाली कोपरापर्यंत हात जाईल एवढी पोकळी. आमच्या बाजूला हरळी पाण्याच्या दिशेने आडवी झोपलेली आणि तिच्या मुळाशी गाळ अडकलेला, काठ जागेवर.

दोन्हीकडचं पाणी मी रिकाम्या बाटल्यांत भरून गाडीच्या बोनेटवर ठेवलं. थोड्या वेळाने त्यांच्या बाटलीत तळाला बोटभर गाळ आणि वरचं पाणी तरी काळपटच, आमच्या बाटलीत जरासा थर आणि आरपार दिसत होतं. ही माती नुसती माती नसते, कपाशीला टाकलेल्या डीएपी खतातला फॉस्फरस तिला चिकटूनच नाल्यात जातो, नाल्यातून बोरी नदीत, बोरीतून तापीत. गावाची विहीर त्याच नाल्याच्या काठाला आहे हो.

साहेब आले तेव्हा दोन्ही बाटल्या दाखवल्या. तुटलेल्या बाजूला उतार 5 टक्क्यांच्या वर आहे तिथे दगडाचं पिचिंग करायचं आणि बाकी काठावर पाऊस आहे तोवर हरळीचे ठोंब लावायचे असं ठरलं, ठोंब आबांच्या बांधावरून आणतोय.